डेसिलू की एमटीएम? प्रोजेक्टला कुठला स्टुडिओ घ्यायचा

मीडियाच्या अभ्यासाच्या प्रोजेक्टला विषय म्हणून बंद पडलेला अमेरिकन टीव्ही स्टुडिओ घ्यायचाय आणि डेसिलू की एमटीएम इथे गाडी अडलीय, असं असेल तर माझं मत आधीच सांगते: डेसिलू घ्या. पण एमटीएमसुद्धा हलक्यात घेण्यासारखी नाहीये.

वरवर बघितलं तर दोन्ही कंपन्या बहिणी वाटतात. डेसिलू 1950 मध्ये ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ यांनी काढली, एमटीएम 1969 मध्ये मेरी टायलर मूर आणि ग्रँट टिंकर यांनी. दोन्हीकडे बायको पडद्यावरची स्टार आणि धंद्याची सूत्रं नवऱ्याकडे, आणि दोन्ही जोडप्यांचा पुढे घटस्फोट झाला. गंमत म्हणजे मेरीबाई ज्या डिक व्हॅन डाइक शोमुळे घराघरात पोचल्या त्याचं शूटिंगही डेसिलूच्याच एका स्टुडिओत व्हायचं.

खरा मुद्दा आहे मालकीचा, आणि डेसिलूचं पारडं इथेच जड होतं. 1951 मध्ये ल्युसिल-देसीची विनोदी मालिका 'आय लव्ह ल्युसी' सुरू होणार होती तेव्हा बरेचसे कार्यक्रम न्यूयॉर्कहून लाइव्ह जायचे आणि बाकी देशाला टीव्हीच्या पडद्यावरूनच शूट केलेली धुरकट कॉपी बघायला मिळायची. ल्युसी-देसीला हॉलिवूड सोडायचं नव्हतं. मग त्यांनी 35 एमएम फिल्मवर, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून, समोर खरे प्रेक्षक बसवून शूटिंग करायचं ठरवलं, कॅमेऱ्याची बाजू कार्ल फ्रॉइंडसारख्या मुरलेल्या जर्मन माणसाकडे दिली, आणि खर्च वाढतोय म्हणून कुरकुर सुरू झाल्यावर स्वतःच्या मानधनात कपात मान्य केली पण बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. मालिका दाखवणाऱ्या सीबीएस या टीव्ही नेटवर्कने ती देऊन टाकली, कारण एकदा दाखवलेला एपिसोड परत कोण बघणार असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं! पुढे तेच जुने एपिसोड सीबीएसने लाखो डॉलर मोजून विकत घेतले, आणि 1957 मध्ये डेसिलूने साधारण 60 लाख डॉलरला आरकेओ या फिल्म कंपनीचे स्टुडिओ घेतले, म्हणजे जिथे 1940 मध्ये या दोघांची ओळख झाली तेच आरकेओ. मला तर अख्ख्या टीव्हीच्या इतिहासात याहून भारी सौदा दिसत नाही.

एमटीएमला हीच गोष्ट बरीचशी कायद्याने मिळाली. 1970 मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेतल्या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम आणला की नेटवर्कने बाहेरच्या निर्मात्याच्या मालिकेच्या रिरन (जुने एपिसोड परत दाखवणं) विक्रीत वाटा घ्यायचा नाही, आणि नेमकी त्याच वर्षी 'मेरी टायलर मूर शो' सुरू झाली. टिंकर यांचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. सीबीएसवाले जेम्स ब्रूक्स आणि अ‍ॅलन बर्न्स या लेखकांना काढा म्हणत होते, टिंकर यांनी साफ नकार दिला. लेखकांना मोकळं सोडायचं हीच कंपनीची ओळख झाली आणि त्यातूनच 'हिल स्ट्रीट ब्लूज', 'सेंट एल्सव्हेअर' आल्या. लोगोसुद्धा बघा, एमजीएम या फिल्म कंपनीच्या गर्जना करणाऱ्या सिंहाच्या जागी म्यांव करणारं मिम्सी नावाचं मांजराचं पिल्लू, पोलिसांच्या मालिकेत त्याच्या डोक्यावर पोलिसाची टोपी आणि हॉस्पिटलच्या मालिकेत तोंडाला मास्क. एवढ्याशा गोष्टीतही किती जीव ओतलाय.

शेवट मात्र दोघींचे अगदी वेगळे. डेसिलूत 1962 ला ल्युसिलने आर्नाझचे शेअर घेतले आणि स्वतः अध्यक्ष झाली, 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन इम्पॉसिबल' तिच्याच काळातल्या, पण दोन्ही महागड्या, आणि 1967 मध्ये कंपनी 1 कोटी 70 लाख डॉलरला पॅरामाउंटची मालक असलेल्या गल्फ अँड वेस्टर्नला विकली गेली, तिचं पॅरामाउंट टेलिव्हिजन झालं. संपला विषय. एमटीएमचं तसं नाही. 1981 मध्ये टिंकर एनबीसी हे दुसरं नेटवर्क सांभाळायला गेले, 1985 ला 'हिल स्ट्रीट'वाल्या स्टीव्हन बोचकोलाच काढलं, 1988 मध्ये ब्रिटनच्या टीव्हीएस या टीव्ही कंपनीने तब्बल 32 कोटी डॉलरला कंपनी घेतली, अमेरिकेत रिरनचा बाजार बसला, टीव्हीएसचं प्रसारणाचं लायसन्सच गेलं, मग मालक बदलत गेले: 1993 ला इंटरनॅशनल फॅमिली एंटरटेनमेंट, 1997 ला रुपर्ट मरडॉकचा फॉक्स गट, आणि फॉक्सबरोबर 2019 मध्ये डिस्ने. हा नुसता फेरविक्रीचा प्रवास लिहितानाच निम्मी पानं जातात.

त्यामुळे विषय मर्जर-टेकओव्हर किंवा क्रिएटिव्ह टीम कशी सांभाळायची असा असेल तर बिनधास्त एमटीएम घ्या, तिथे डेसिलू कमी पडेल. पण हक्क, रिरन आणि टीव्हीत पैसा नक्की कुठून येतो हे दाखवायचं असेल तर डेसिलूच, आणि त्यातही 1951 चा करार आणि 1957 ची खरेदी यांनाच जास्त पानं द्या, 'स्टार ट्रेक'वर सगळे लिहितातच.