मुंबई ते अमेरिका, आखातात विमान बदलून: चार फेऱ्यांनंतर

अकरा महिन्यांत चार फेऱ्या, सगळ्या इकॉनॉमीत आणि प्रत्येक वेळी मध्ये आखातात विमान बदलून. दुबई, दोहा, अबू धाबी तिन्ही झाली. सीट, जेवण, सिनेमे यांत कंपन्यांमध्ये डावं-उजवं करण्यासारखं फार नाही. प्रवास सुसह्य होतो की हाल होतात, ते मधल्या थांब्यावर ठरतं. म्हणून तिकीट शोधताना आधी थांब्याचे तास बघायचे, भाव मग.

सव्वा तासाचं कनेक्शन कंपन्या बिनदिक्कत विकतात. हिशोब करून बघा: मागच्या रांगेतून विमानाबाहेर पडायला वीस मिनिटं, ट्रान्सफरच्या सिक्युरिटीला पंधरा-वीस, आणि पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच बंद. उरलं काय? त्यात अमेरिकेच्या विमानांना गेटजवळ आणखी एक तपासणी असू शकते आणि दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये बी कॉन्कोर्समधून (म्हणजे गेटांच्या एका इमारतीतून) ए कॉन्कोर्सला जायचं तर आतली रेल्वे पकडावी लागते. अडीच ते चार तास हे बरोबर माप. सहाच्या वर गेलं की लोखंडी खुर्चीत अंग आंबतं आणि त्याचा शीण पुढच्या चौदा तासांच्या विमानात जाणवतो.

अबू धाबीचं गणित वेगळं. २०१४ पासून तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं. पलीकडे उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ पट्ट्यावर बॅग घ्यायला जायचं. तासभर रांगेत तिष्ठणं वाचतं. पण ती रांग तुम्ही फक्त अलीकडे आणलेली असते. दोन-तीन विमानं लागोपाठ सुटणार असतील तर ती चांगलीच लांबते, तेव्हा तिथे तीन तासांहून कमी थांबा घेऊ नये.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं जोडून आठ-दहा हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने हवाई हद्द काही तास बंद केली. अशा वेळी सलग तिकीट असेल तर पुढची सोय लावणं कंपनीवर येतं. तुटक तिकीटवाल्याने स्वतःच्या खिशातून नवं काढायचं. युरोपमार्गे जाणाऱ्यांना आणखी एक खाच आहे. पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, नुसतं मुदतवाढीचं कागदपत्र हातात असेल, तर काही देशांत विमानतळावरच्या ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. आखातात विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर ही कटकट नाही.

मुंबईच्या काउंटरवर बॅग पट्ट्यावर सरकण्याआधी टॅग वाचा. वर ठळक अक्षरात शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाहिजे, मधल्याचा नव्हे. दहा आकडी नंबर असलेली चिकटपट्टी बोर्डिंग पासच्या मागे लावून देतात, तिचा लगेच फोटो काढून ठेवा. दुबई किंवा दोहाहून गेलात आणि अमेरिकेत पुढे देशांतर्गत विमान असेल तर टॅग शेवटपर्यंतचा असूनही पहिल्या शहरात बॅगा उतरवून, कस्टम्समधून काढून पुन्हा द्याव्या लागतात. टॅग पाहून निश्चिंत झालेले बरेच जण इथे फसतात.

बॅगा बहुतेक तिकिटांवर दोन, प्रत्येकी २३ किलो. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज चाकांसकट सहसा १५८ सेंटिमीटरपर्यंत. मोठी कडक बॅग रिकामीच चार-साडेचार किलोची भरते, हे मसाले भरताना आठवत नाही. हातातल्या बॅगेला आखाती कंपन्या सहसा ७ किलो देतात आणि मुंबईत ती काट्यावर ठेवायला लावतात. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हे सगळं चेक-इनमध्येच घाला, कारण अमेरिकेकडे जाताना केबिनमध्ये ३५० मिलिलिटरहून जास्त पावडर दिसली की वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर पुडी तिथेच राहते. तूप आणि लोणचं द्रव धरतात, तेव्हा तीही चेक-इनमध्येच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनमधूनही काढायला लावतात. खोबरं तेलामुळे आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. आंबेमोहोर आणि हरभरे नेऊच नका. खपरा किड्याच्या भीतीने अमेरिका भारतातून प्रवाशांच्या सामानात ते येऊ देत नाही. ताज्या कढीपत्त्याचंही तेच, तो लिंबूवर्गीय झाडांची कीड घेऊन येतो.

पॉवर बँक केबिनमध्येच, १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे चालते. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केली आहे. फोन सीटच्या यूएसबीवर चार्ज करायचा तर साधी केबल जवळ हवी, आणि तीच नेमकी चेक-इनमध्ये जाते.

आता झोप. मुंबईहून पहाटे निघणारं विमान तीन तासांत आखातात पोचतं आणि त्यातही मधेच उठवून साग्रसंगीत जेवण देतात. ते नाकारा, डोळे मिटा. पुढचं विमान दुबईहून सकाळी साडेआठला सुटत असेल तर न्यूयॉर्कला उन्हाळ्यात तेव्हा रात्रीचे साडेबारा झालेले असतात. म्हणजे झोपायची वेळ पहिले सहा-सात तास. बहुतेक जण उलट करतात: आधी तीन सिनेमे, शेवटी पेंग, आणि दुपारी उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत डुलक्या.

३-४-३ मांडणीत मधल्या चारांतली आयल सीट, म्हणजे चालायच्या वाटेकडची, घ्यावी. बाजूच्या तिघांत आयलवाल्याला दोन जणांसाठी उठावं लागतं, मधल्या चारांत एकाच. बोइंग ७७७ मध्ये शेपटाकडच्या शेवटच्या काही रांगांत खिडकीजवळ दोनच सीटा असतात. जोडप्यासाठी यासारखी जागा नाही, मात्र अगदी शेवटची रांग नको, तिथे पाठ नीट कलत नाही आणि स्वच्छतागृहाची रांग डोक्याशी. पायात मोजे असले तरी स्वच्छतागृहात चप्पल घालूनच जा. खालचं ओलं पाणीच असेल याची खात्री नसते. पाय सुजणाऱ्यांनी गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

शाकाहारी जेवण किमान २४ तास आधी नोंदवायचं आणि ते दोन्ही टप्प्यांवर दिसतंय का ते तपासायचं. एव्हीएमएल म्हणजे मसालेदार भारतीय शाकाहारी, व्हीजेएमएल जैन. व्हीजीएमएल घेतलं तर तो व्हीगन प्रकार निघतो, चहाला दूधही मिळेलच असं नाही.

आई-बाबांना एकटं पाठवताना व्हीलचेअर नोंदवण्याची पद्धत पडली आहे, गुडघ्यांपेक्षा इंग्रजीच्या धास्तीने जास्त. सोय खरी आहे, पण व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सर्वांत शेवटी उतरवतात, मग एका खोलीत बसवून ठेवतात आणि गेटवर जवळपास शेवटच्या क्षणी नेतात. त्या अवधीत पाणी किंवा खाणं घ्यायला उठता येत नाही, औषधाची वेळ टळते. त्यांच्यासाठी थांबा साडेतीन तासांचा हवाच. गोळ्या, बिस्किटं आणि रिकामी बाटली मांडीवरच्या पिशवीत द्या. बाटली शेवटची तपासणी झाल्यावरच भरायची, नाहीतर गेटवर ओतून टाकतात. ज्याच्याकडे जायचं त्याचा पत्ता नि फोन नंबर कागदावर ठळक लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. आखातात उतरल्यावर फोनला नेटवर्क येतंच असं नाही, आणि विमानतळाचं मोफत वायफाय कधी ओटीपी मागून अडून बसतं.