हिरवं किचन आणि सोलापूरचं पाणी: टाइल, लॅमिनेट, रंग यांची पारख

कॅटलॉगमध्ये सगळ्यात देखणा दिसतो तो बाटलीचा गडद हिरवा, आणि सोलापुरात सगळ्यात लवकर नकोसा होतो तोही तोच. दोष रंगाचा नाही, पाण्याचा आहे. बोअरचं पाणी जड, नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे भांडी घासायला बऱ्याच घरांत बोअरच. सिंकमागच्या टाइलवर उडालेला थेंब वाळला की क्षाराचा पांढरा ठिपका मागे राहतो. पांढऱ्या किंवा राखाडी टाइलवर तो खपून जातो. गडद हिरव्या चकचकीत टाइलवर मात्र आठवडाभरात धुरकट पडदा चढतो. त्यात भाकरीचं पीठ. ज्वारीचं पीठ परातीतून उडतं, मॅट गडद शटरच्या मुठीभोवती बसतं आणि ओल्या फडक्याने पुसलं तर लेप होऊन चिकटतं. आधी कोरडा ब्रश, मग फडकं.

मग फिका पिस्ता घ्यावा का? तो दुसऱ्या बाजूने मारतो. फोडणीतली हळद, शेंगा चटणीचं तेल, लाल तिखट हे सगळं पिस्त्यावर लांबून दिसतं. म्हणून या शहरापुरता आमचा कौल मधल्या, थोडा राखाडी मिसळलेल्या हिरव्याला आहे: शेवाळी, मेंदी, दुकानदार ज्याला सेज म्हणतात तो. क्षारही झाकतो, हळदही.

डॅडो टाइल

डॅडो म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरचा टाइलचा पट्टा. १२ बाय १८ इंचाची सिरॅमिक टाइल, शेवाळी, सॅटिन फिनिश: पाचपैकी चार. एल आकाराचा ओटा ८ आणि ५ फूट, डॅडो २ फूट उंच धरला तर २६ चौरस फूट होतात. या मापाच्या बॉक्समध्ये साधारण ६ टाइल, म्हणजे ९ चौरस फूट. हिशोबाने तीन बॉक्स पुरतात, पण स्विचबोर्ड आणि नळाच्या कटिंगमध्ये टाइल फुटतात, चार घ्या. सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे टेम्पो भरण्याआधी बघा. हिरव्यात बॅचचा फरक पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त डोळ्यात भरतो, आणि एकदा भिंतीवर बसली की टाइल बदलून मिळत नाही.

टाइल चांगली आणि ग्राउट (टाइलमधल्या फटीत भरायचा मसाला) पांढरा सिमेंटचा, हा इथला नेहमीचा घोळ. सिमेंट ग्राउट सच्छिद्र असतो, हळद आत मुरते. वरून साबण लावला की डाग तांबूस होतो, कारण हळदीचा रंग अल्कलीत लाल पडतो. घासणाऱ्याला वाटतं डाग वाढला. गॅसमागे आणि सिंकमागे तरी एपॉक्सी ग्राउट भरा, राखाडी किंवा ऑलिव्ह रंगात. तो साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतो, पण २६ चौरस फुटांना लागतो थोडाच. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो डब्यावर लिहिलेल्या वेळेआधीच घट्ट होतो. मिस्त्रीने अख्खा डबा एकदम कालवला तर अर्धा फेकायचा. थोडा थोडा कालवायचा, सकाळी भरायचा आणि टाइलवरचा लेप ओला असतानाच पुसून घ्यायचा. वाळलेला एपॉक्सी खरवडताना चकाकी जाते.

क्षाराच्या डागांवर लिंबूसत्त्व: ग्लासभर कोमट पाण्यात एक चमचा, पाच मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसायचं, मग कोरडं फडकं. मात्र ओटा कडप्प्याचा असेल तर खाली जुनं कापड अंथरा. कडप्पा चुनखडीचाच दगड, आंबट पाणी पडलं की पॉलिश जातं. टॉयलेट क्लीनर तर स्वयंपाकघरात आणूच नका, स्टीलच्या सिंकलाही ते खड्डे पाडतं.

हिरवा मार्बल

राजस्थानातून येणारा पांढऱ्या रेघांचा हिरवा मार्बल ओट्यासाठी सुचवला जातो. नको. चिंच, लिंबू, दही सांडलं की तिथे पॉलिश मरू शकतं. शिवाय त्याच्या पातळ टाइल साध्या, पाण्यात कालवलेल्या ॲडहेसिव्हवर बसवल्या तर पाणी ओढून वाकू शकतात. त्याला एपॉक्सी ॲडहेसिव्हच लागतं. देवघराच्या फळीला हौसेने वापरा. ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्या, शेवाळी शटरवर तो शोभतोही जास्त.

ट्रॉल्यांची शटरं

हिरव्यावर पैसे घालायचे तर इथे. बाहेरून १ मिलिमीटरचं मॅट लॅमिनेट, आतून ०.८ चं पांढरं. खालच्या ट्रॉल्या शेवाळी आणि वरची कपाटं मळकट पांढरी अशी विभागणी केली की ८ बाय १० ची छोटी खोली कोंदट वाटत नाही. प्लायवुडवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघा. सिंकखाली पार्टिकल बोर्ड टिकत नाही, फुगतो. हिरव्या फॉइलची मेम्ब्रेन शटरं स्वस्त आणि गुळगुळीत दिसतात, पण शेगडीशेजारच्या उष्णतेने फॉइल कडेला सुटतं. कुकरची वाफ थेट वरच्या कपाटाच्या तळाला लागते, म्हणून तिथली एज बँड (कडेला चिकटवायची) पट्टी जाड आणि मशीनवर चिकटवलेली हवी. हाताने फेव्हिकॉल लावलेली पट्टी आधी तिथेच उघडते. मॅट शटर: साडेचार. चकचकीत ॲक्रिलिक हिरवा: अडीच, तोही पाहुण्यांपुरताच.

भिंतीचा रंग

डॅडो आणि दार-खिडकी वगळता या मापाच्या खोलीत साधारण २५० चौरस फूट भिंत उरते. धुता येणारं चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला ६० ते ७० चौरस फूट जातं, म्हणजे चार लिटर. गडद हिरव्याला तिसरा हात लागतो, कारण त्या बेसमध्ये पांढरा रंग कमी असतो आणि खालचं झाकलं जात नाही. पेंटरकडून प्रायमरमध्येच थोडा हिरवा टाकून घ्या, एक हात वाचतो. नवीन गिलावा असेल तर चार आठवडे थांबा. ओल्या सिमेंटची अल्कली आणि फुटणारे क्षार हिरव्यावर ढगासारखे दिसतात. पश्चिमेच्या खिडकीसमोर पोपटी टाळा. त्यातला पिवळा उन्हाने आधी उडण्याचा धोका असतो, मग भिंत निळसर, आजारी दिसते.

भडक पोपटी भिंतीबद्दल आणखी एक तक्रार: तिच्यावरून उसळलेला उजेड ताटात पडतो. दूध, भात, पांढरी भाकरी हिरवट-करडी दिसते. म्हणून ओट्यासमोरची भिंत फिकीच ठेवा, हिरवा बाजूच्या भिंतीला.

दुकानातल्या उजेडात शेड ठरवू नका. २ बाय २ फुटांच्या प्लायवर दोन हात मारून तो तुकडा ओट्यावर उभा करा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत पिस्ता दवाखान्यासारखा होतो, ३००० च्या पिवळ्यात शेवाळी मातकट. ४००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० चा दिवा दोघांनाही न्याय देतो.

भाड्याच्या घरात यातलं काहीच करता येत नसेल, तर इथलेच टेरी नॅपकिन हिरव्यात घ्या. गडद रंग पहिल्या दोन धुण्यांत सुटू शकतो, वेगळे भिजवा. पांढऱ्या नॅपकिनवरची हळद सहज जात नाही, मेंदी रंगावर ती दिसतही नाही.