गाडीतला 'घूं' आवाज शोधायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंजिनच्या बाजूचा घूं आवाज पकडायला याच्याइतकं सोपं साधन नाही. चाकाच्या बाजूला मात्र तो जवळजवळ निरुपयोगी. म्हणून बॉनेट उघडण्याआधी आवाज कशाबरोबर वाढतो हे ठरवून घ्यावं, नाहीतर स्टेथोस्कोपचा रॉड जिथे टेकवाल तिथे काहीतरी ऐकू येतंच आणि चांगली पुली विनाकारण बदलली जाते.

त्यासाठी गाडी उभी, गिअर न्यूट्रलला आणि हळूहळू रेस. आवाज रेसबरोबर चढला तर दोष बेल्टवर फिरणाऱ्या भागांत, इंजिनात किंवा टर्बोत. उभ्या गाडीत आवाज नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 च्या आसपास क्लच दाबून बघायचं. इंजिनचे आरपीएम पडले तरी आवाज तसाच राहिला, तर संशय टायर, व्हील बेअरिंग किंवा डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच). न्यूट्रलमध्ये उभं असताना येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबत असेल तर बहुधा गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग. क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग.

आता साधनाबद्दल. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपात चकती असते तिथे इथे स्टीलचा लांब रॉड आहे. रॉडचं टोक न फिरणाऱ्या भागावरच टेकवायचं: अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) बॉडी, आयडलरचा (बेल्टला नुसती दिशा देणाऱ्या पुलीचा) मधला बोल्ट, पंपाचं आवरण. रबरी नळी लांब आहे आणि वाकल्यावर ती बेल्टजवळ लोंबते, ही याची सर्वांत वाईट गोष्ट. नळी मुठीत धरूनच काम करावं. रेडिएटरचा पंखा मध्येच सुरू होतो हेही लक्षात असू द्या.

चांगल्या बेअरिंगचा आवाज सलग, मऊ येतो. खराब असेल तर त्यात खरखर मिसळते, वाळू चावल्यासारखी. अल्टरनेटरवर पुढे पुलीजवळ आणि मागे अशा दोन जागी ऐकावं, कारण दोन बेअरिंगं वेगळी असतात आणि बऱ्याचदा एकच गेलेलं असतं. खरखर नसून बारीक शिट्टी असेल तर हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर एकदम लावून बघा. विजेचा लोड वाढताच शिट्टी वाढली तर दोष बेअरिंगचा नसून अल्टरनेटरमधल्या डायोडचा (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा वाइंडिंगचा (तारेची गुंडाळी) असू शकतो. इथे स्टेथोस्कोप बाजूला ठेवून मल्टिमीटर घ्यायचा: इंजिन चालू, एसी व्होल्ट रेंज, टोकं बॅटरीवर. अर्ध्या व्होल्टच्या वर रीडिंग गेलं तर डायोड तपासून घ्यावे. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही मोजतात, म्हणून इंजिन बंद असताना तो शून्याजवळ दाखवतो का हे आधी बघावं.

शेजारच्या भागांचे आवाज लोखंडातून एकमेकांत मिसळतात. आयडलर आणि वॉटर पंप जवळजवळ असतील तर नुसत्या कानावर भरवसा ठेवू नये. बेल्टच्या मांडणीचा फोटो काढून बेल्ट उतरवा आणि इंजिन जेमतेम काही सेकंद चालवा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर जास्त वेळ चालवणं महागात पडतं. टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेत उघडवणारा पट्टा) हा प्रयोग अजिबात नाही. आवाज गेला तर पुल्या हाताने फिरवून बघा. ग्रीस संपलेली पुली खडखडत बराच वेळ फिरत राहते, चांगली लवकर थांबते. 'किती हलकी फिरते' म्हणून तीच परत बसवली जाते, हा नेहमीचा घोटाळा.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) पॉवर स्टीअरिंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवताना घूं वाढत असेल तर पंपाआधी तेलाची टाकी बघा. फेस दिसला तर तेलात हवा आहे. पंपाकडे जाणाऱ्या नळीची सैल क्लिप तेल गळू न देताही हवा ओढू शकते. क्लिप आवळून, पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत 15-20 वेळा सावकाश फिरवा, मध्येमध्ये तेलाची पातळी भरून काढा. पंप बदलायचा विषय त्यानंतर.

चाकाकडे हे साधन का चालत नाही? जॅकवर उचललेल्या चाकावर वजन नसतं, त्यामुळे रस्त्यावर ओरडणारं बेअरिंग तिथे गप्प राहू शकतं. त्यापेक्षा गाडी जॅक स्टँडवर घ्या, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची थरथर स्प्रिंगमधून बोटांना लागते. चालत्या गाडीत डावीकडे हलकं वळताना आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वजन त्या बाजूला जातं. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाजही बदलत असेल तर आधी टायरवर तळहात फिरवून उंचसखल झीज तपासा.

दाबून बसवायचं बेअरिंग बदलताना दोन गोष्टी चुकतात. नकलमध्ये (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो सस्पेन्शनचा भाग) दाबताना जोर फक्त बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर, म्हणजे बाहेरच्या कड्यावर हवा. आतल्या रेसवर दिला तर नवं बेअरिंगही थोड्याच दिवसांत घूं करू लागतं. दुसरं, एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चुंबकीय रिंग असलेली बाजू सेन्सरकडे यायला हवी. हबचा नट नवा घ्यावा, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळावा आणि तोवर गाडीचं वजन त्या चाकावर टाकू नये.

स्टेथोस्कोपची स्वतःची एक खोड आहे. रॉड दोन तुकड्यांचा असेल तर जोडाचे आटे हळूहळू ढिले होतात आणि जोडच खरखरू लागतो, तोही हुबेहूब गेलेल्या बेअरिंगसारखा. दर वेळी आवळून, एखाद्या चांगल्या भागावर आधी ऐकून मगच पुढे जावं.