फोकस पॉइंट हलवायला जॉयस्टिक बरी की टचस्क्रीन?

कॅमेरा नेमका कशावर फोकस धरणार ते दाखवणारी छोटी चौकट म्हणजे फोकस पॉइंट, आमच्याकडे नुसतं ‘बॉक्स’. ‘बॉक्स हलंना झालाय’ अशी तक्रार घेऊन बेळगावच्या खडेबाजारात दुरुस्तीला आलेले कॅमेरे बऱ्याचदा धडधाकट असतात. एरिया मोड, म्हणजे पॉइंट कोणी निवडायचा ते ठरवणारं सेटिंग, ऑटोवर गेलेला असतो, मग कॅमेरा पॉइंट स्वतःच निवडतो आणि तुमच्या बटणाला जुमानत नाही. निकॉनच्या कित्येक डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर, चार दिशांच्या बटणाभोवती एक छोटा खटका असतो. तो बॅगेत घासून ‘एल’वर सरकला की पॉइंटला कुलूप लागतं. उजेड मोजणारा मीटर झोपलेला असेल तरी पॉइंट हलत नाही, आधी शटर अर्धं दाबून त्याला जागं करावं लागतं. कॅननच्या बऱ्याच जुन्या डीएसएलआरवर तर मागचं पॉइंटचं बटण दाबल्याशिवाय जॉयस्टिक काही करतच नाही. थेट चालावी असं वाटत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन तसं लावून घ्यावं लागतं. एवढं बघून झालं, तरी बॉक्स ऐकत नसेल तरच दुकानाची पायरी चढावी.

पण मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा नवा कॅमेरा घेताना प्रश्न वेगळा पडतो. कुठल्या बॉडीवर पॉइंट हलवायला अंगठ्याखाली जॉयस्टिक मिळते, कुठल्या बॉडीवर डोळा व्ह्यूफाइंडरच्या खिडकीला लावून मागच्या स्क्रीनवर बोट सरकवायचं असतं. किमतीवरून याचा अंदाज बांधायला जाऊ नका. कॅननच्या २०२० च्या आर-६ ला जॉयस्टिक आहे, २०१९ च्या आरपीला नाही, इथवर ठीक. पण २०२२ ची स्वस्तातली आर-१० जॉयस्टिक देते आणि तिच्याहून महाग असलेली २०२३ ची आर-८ देत नाही. निकॉनमध्ये झेड-५ ला आहे, झेड-५० ला नाही. सोनीची ए-७ थ्रीला आहे, तिच्यापेक्षा आटोपशीर ए-७ सीला नाही. लग्नाची कामं करणारे आमच्याकडचे बरेच जण या यादीतलीच एखादी बॉडी सेकंडहँड शोधत असतात, म्हणून नावं घेतली.

मी दोन्ही वापरल्यात. टचची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. डीएसएलआरमध्ये पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागातच कोंबलेले असायचे, त्यामुळे चार-सहा वेळा बटण दाबलं की काम व्हायचं. मिररलेसमध्ये पॉइंट जवळजवळ कडेपर्यंत जातो. जॉयस्टिकने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा तर दाबून धरून वाट बघावी लागते. टचवर अंगठा एकदा तिरका ओढला की झालं. शिवजयंतीच्या चित्ररथाला बेळगावच्या गल्लीत जमिनीलगत कॅमेरा धरून फोटो काढायचे असतील, तर स्क्रीन उघडून मावळ्याच्या तोंडावर टिचकी मारण्याइतकं सोपं काही नाही. ट्रायपॉड आणि व्हिडिओ याबाबतीतही माझं मत टचलाच.

मग अडलं कुठं? नाकावर. मी डाव्या डोळ्याने बघतो. उजवा डोळा लावणाऱ्याचं नाक स्क्रीनच्या डाव्या बाजूला किंवा बाहेर जातं, त्याला यातलं काही जाणवणारही नाही. डावा डोळा लावला की मात्र नाक बरोबर स्क्रीनच्या उजव्या भागावर टेकतं आणि कॅमेरा त्याला बोट समजतो. खानापूरकडच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपत आलेली, ‘सावधान’ झालं, आंतरपाट खाली आला, मी डोळा आणखी जवळ दाबला. नवरीच्या डोळ्यावर ठेवलेली चौकट त्याच क्षणी मागच्या केळीच्या खांबावर. पानाच्या शिरा अशा मोजून घ्याव्यात इतक्या साफ आल्या, नवरा-नवरी मात्र धुक्यात. आंतरपाट काही परत धरत नाहीत.

यावर सेटिंग आहे, ते मी लावून बघितलं. स्क्रीनचा ठराविक भागच टचला चालू ठेवता येतो: उजवा अर्धा, वरचा उजवा कोपरा, असं. शिवाय बोट टेकेल तिथं पॉइंट उडी मारून न जाता, असेल तिथून पुढं सरकेल असंही ठरवता येतं. हे दुसरं प्रत्येकाने करावंच, नाक टेकलं तरी निदान चौकट एकदम पळत नाही. पण भागाची वाटणी काही जमली नाही. अंगठ्याला स्क्रीनची जी उजवी बाजू हवी, नाक नेमकं तिथंच येतं. डावी बाजू चालू ठेवावी तर अंगठा पोचत नाही. खालचा उजवा कोपरा ठेवला तर अंगठ्यासाठी पकड सैल करावी लागते, आणि हातात जड झूम असताना ते बरं वाटत नाही. स्क्रीन उलटी मिटवून ठेवली की त्रास संपतो, पण मग टचही संपतो. माझं नाक जरा ठसठशीत आहे हे मान्य. तुमचं बसकं असेल तर कदाचित निभावेल.

जॉयस्टिकचे चोचले वेगळे. रबर झिजतं, कधी वरची टोपीच निघून येते. कॅमेरा कमरेला लटकत असताना तिला धक्का लागतो आणि बॉक्स कुठल्या कुठं जाऊन बसतो. पण तो परत आणणं सोपं आहे. कित्येक बॉडींवर जॉयस्टिक आत दाबली की पॉइंट मधोमध येतो, काहींवर तसं लावून घ्यावं लागतं. डोळा न काढता, न बघता होणारी ही एवढीच गोष्ट माझ्या लेखी वेगापेक्षा मोठी आहे. टचवर हरवलेली चौकट आधी कडेला शोधावी लागते.

आता कोणी म्हणेल, कॅमेरा डोळे ओळखतोय की, पॉइंट हलवायचाय कुणाला! खरंय, निम्मं काम तसंच होतं. पण मुंडावळ्यांची एक सर डोळ्यावरून गेली की ओळख डळमळते. स्टेजवर नवरीच्या शेजारी करवली उभी असली की चौकट खुशाल करवलीवर बसते. अशा वेळी जॉयस्टिक एकदा डावीकडे ढकलली की बऱ्याच कॅमेऱ्यांत चौकट या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर जाते. टचनेही चेहरा निवडता येतो, स्क्रीनकडे बघत असाल तर फारच छान; डोळा व्ह्यूफाइंडरला असताना मात्र अंदाजाने बोट सरकवावं लागतं.

सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत तर ऑटो एरियाचा भरवसाच धरू नये. भंडारा उधळला की कॅमेऱ्याला सगळ्यात जवळचा दिसतो तो पिवळा लोट, आणि तो त्यावरच फोकस धरतो. तिथं एकच छोटा पॉइंट घेऊन तो भक्ताच्या कपाळावर ठेवायचा आणि सोडायचा नाही. हातही भंडाऱ्याने माखलेले असतात, त्या बोटाने काच नीट सरकत नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात उलटं होतं. स्क्रीनवर पडलेला थेंबच पॉइंट ओढत नेतो. तिथं मी टच सरळ बंद करतो. जॉयस्टिकच्या खाचेत भंडारा बसतो हेही खरं, पण संध्याकाळी ब्लोअरने निघतो.

तेव्हा उजव्या डोळ्याने बघत असाल, काम बहुतेक स्टुडिओत, ट्रायपॉडवर किंवा व्हिडिओचं असेल, तर जॉयस्टिक नाही म्हणून एखादी चांगली, हलकी बॉडी सोडू नका. वाचलेल्या पैशात लेन्स घ्या. डाव्या डोळ्याचे असाल आणि लग्न, यात्रा, कुस्त्या हे तुमचं काम असेल, तर मला वाटतं, थोडं जुनं मॉडेल चालेल पण जॉयस्टिक बघून घ्या. मी तेच केलं. तीच बॉडी आजही गळ्यात असते, टचवाली घरी लेकीच्या व्हिडिओंना.

सेकंडहँड घेताना दुकानात आधी कॅमेरा डोळ्याला लावा, अंगठा ठेवा आणि पॉइंट चारही कोपऱ्यांत नेऊन आणा. तिरक्या दिशा जास्त लवकर खराब होतात असा माझा अनुभव आहे, त्या नीट बघा. बोट काढल्यावरही चौकट आपोआप सरकत राहिली तर जॉयस्टिक गेलेली आहे, किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. मग टच चालू करून पुन्हा डोळा लावा. या वेळी अंगठा बाजूला ठेवा आणि नाक काय करतंय ते बघा.