हायजिया की थेमिस: यान पाठवायचं तर कुठे?

दोन्ही लघुग्रह इटालियन खगोलशास्त्रज्ञ अनिबाले दे गास्पारिस यांनी नेपल्सहून शोधले. हायजिया १८४९ मध्ये, थेमिस १८५३ मध्ये. दोन्ही काळपट, आणि सूर्यापासून पृथ्वीच्या तिपटीहून थोडे जास्त लांब.

आकारात हायजिया भारी: व्यास सुमारे ४३० किलोमीटर, थेमिसच्या दुपटीहून अधिक. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या प्रतिमांत तो जवळपास गोल दिसला, आणि गोल आकार ही बटुग्रहाची एक अट असल्याने त्याला बटुग्रह म्हणावं का याची चर्चा सुरू झाली. हौशी निरीक्षकांनी आधी हाच शोधावा, लहान दुर्बिणीतूनही सापडतो.

पण यानासाठी माझं मत थेमिसलाच. २०१० मध्ये त्याच्या अवरक्त वर्णपटात ३.१ मायक्रॉन तरंगलांबीपाशी एक खळगा, म्हणजे प्रकाश शोषला गेल्याची जागा, असल्याचं जाहीर झालं: पाण्याच्या बर्फाची खूण, सोबत सेंद्रिय संयुगांचीही. त्या अंतरावर उघडा बर्फ फार काळ टिकत नाही, त्याची वाफ होते. म्हणजे तो आतून भरून येत असणार! थेमिसच्याच कुळातल्या, म्हणजे तशाच कक्षेत फिरणाऱ्या लघुग्रहांपैकी, एल्स्ट-पिझारोला तर धूमकेतूसारखी शेपटी फुटते. पण काही संशोधकांच्या मते थेमिसच्या वर्णपटातला तो खळगा गोएथाइट या खनिजाचाही असू शकतो. हा वाद दुरून मिटणं कठीण आहे.