रत्नागिरीत बुद्ध सर्किट चालवायचं असेल तर: मारुती मंदिरामागचं रेसिंग सिम्युलेटर

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या माझं लक्ष आधी पेडलकडे गेलं. ब्रेक एक नंबर आहे. पेडल जेमतेम दोन बोटं खाली जातं, पण पायाचा जोर वाढवाल तसा ब्रेक वाढत जातो. दोन-तीन लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांमध्ये, पोटरी भरून येते. स्टिअरिंगही हाताशी झुंजतं, आणि पुढची चाकं घसरायला लागली की एकदम हलकं पडतं. असं हलकं पडलं की रेसवरचा (अ‍ॅक्सिलरेटरवरचा) पाय उचलायचा, एवढं समजलं तरी पैसे वसूल.

पण मी पुन्हा पुन्हा जाते ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसाठी. फॉर्म्युला वनच्या हल्लीच्या गेममध्ये हा ट्रॅक मिळत नाही, कारण २०१३ नंतर तिथे ती शर्यत झालीच नाही. इथल्या मालकाने तो मुद्दाम मिळवून टाकलाय. जर्मन ट्रॅक-रचनाकार हर्मन टिल्केने आखलेला, ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं. तिसऱ्या वळणाला रस्ता चढत जातो आणि पुढचं काही दिसत नाही, अगदी आंबा घाटातल्यासारखं. त्यानंतर किलोमीटरभराहून लांब स्ट्रेट, म्हणजे सरळ पट्टा. मालक शेजारी उभा राहून सांगतो, "ताई, आत घाईने घुसलात की रेस उशिरा द्यावी लागते, मग अख्खा स्ट्रेट गेला." खरंय. चौथ्या वळणाचं ओव्हरटेकिंग तिसऱ्यातून बाहेर पडतानाच ठरतं. दहा-अकराचं लांबलचक उजवं वळण मला अजून मनासारखं जमत नाही, पण सगळ्यात जास्त आवडतं तेच.

भिंतीवर १:२७.२४९ ही वेळ रंगवली आहे. २०११ च्या पहिल्या इंडियन ग्रांप्रीत, म्हणजे याच ट्रॅकवरच्या फॉर्म्युला वन शर्यतीत, जर्मन ड्रायव्हर सेबास्टियन वेटेलने काढलेला सर्वांत वेगवान लॅप. त्या शर्यतीत पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, त्याची, ६० च्या ६० लॅप आघाडी त्याची. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला आणि २०१३ ला चौथं विश्वविजेतेपद त्याने इथेच पक्कं केलं. पोस्टरही त्याचंच आहे. माझं म्हणणं, शेजारी भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनचं लावा. २०११ ला त्याच्या एचआरटी संघाची गाडी सुरुवातीच्या रांगेत सगळ्यात मागच्यांपैकी होती, ती घेऊन हा माणूस घरच्या ट्रॅकवर शर्यत पूर्ण करून १७ वा आला. ते आपल्या पोरांना दिसायला हवं.

बाइकवाल्यांसाठी इथे काही नाही. २०२३ ची मोटोजीपी, म्हणजे बाइकची जागतिक शर्यत, याच ट्रॅकवर झाली, उष्म्यामुळे २४ ऐवजी २१ लॅपची, आणि मार्को बेझेकीने ती जिंकली. पण बाइकचं सिम्युलेटर अजून आलेलं नाही.

सीट पुरेशी पुढे सरकत नाही, बुटक्या माणसाला पाठीला उशी लागते. मागितली की देतात. लाइट गेली तर कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, एसी बंद पडतो, आणि मे महिन्यात हात घामाने घसरतात. सुती हातमोजे ठेवलेत, ते जरा जास्त वेळा धुवावेत.

अर्ध्या तासाला ३०० रुपये. शनिवार-रविवारी कॉलेजच्या पोरांची गर्दी असते, तेव्हा मधल्या वारी दुपारी जा, मालकाला शिकवायला सवड असते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी हल्ली मुद्दाम पाठवते. वळणाआधी गाडी सरळ असतानाच ब्रेक मारायचा, हे इथे गाडी न ठोकता शिकता येतं.