आमवात: सूज की झीज, आधी ते ठरवा

देवगडच्या आमच्या घरात रुमॅटॉइड संधिवाताच्या, म्हणजे आमवाताच्या, दोघीजणी. आई चौसष्टची, वहिनी एकतीसची. आजार एकच, पण उपचार पार वेगळे. कोणी विचारलं, ‘गोळ्या घ्याव्यात की ऑपरेशन?’ की मी उलट विचारतो, सांध्यात सूज आहे की झीज?

वहिनीची होती सूज. सकाळी दोन-दोन तास बोटं आखडलेली, आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, खोबरं खवायला बसली तर मूठ वळत नसे. एक्स-रे मात्र जवळजवळ स्वच्छ. इथे ऑपरेशनचा प्रश्नच नाही. पहिलं औषध सहसा मेथोट्रेक्सेट, पण ते गर्भाला घातक आणि तिला मूल हवं होतं. म्हणून सल्फासॅलॅझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. दुसऱ्यासाठी डोळ्यांची तपासणी करत राहावी लागते.

आई मेथोट्रेक्सेटवर. आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक ॲसिड. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून कॅलेंडरात दर रविवारी लाल गोल. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. बरेचजण तिसऱ्या आठवड्यालाच कंटाळतात.

एवढ्याने भागलं नाही तर ॲडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं. आधी टीबी आणि कावीळ ‘बी’ची तपासणी हवीच. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं. याच टप्प्यावर दिल्या जाणाऱ्या टोफासिटिनिबच्या गोळीला फ्रिज लागत नाही. पण पासष्टीपुढचे, तंबाखू ओढणारे, हृदयविकार असलेले यांच्यासाठी ती जपून. यातलं काहीही चालू असताना भातलावणीच्या दिवसांत ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीमुळे शेतातल्या पाण्यातून होणारा ताप, वाट बघत नाही.

आईच्या उजव्या गुडघ्याची गोष्ट निराळी. सुरुवातीची तीन वर्षं कोणीतरी आणून दिलेल्या पुड्यांत गेली. दुखणं थांबायचं, चेहरा सुजायचा. डॉक्टरांना त्यात स्टेरॉइडचा संशय आला. पुढे मेथोट्रेक्सेटने सूज उतरली, पण तोवर हाड हाडाला घासत होतं. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, कुठल्याच गोळीने परत येत नाही, म्हणून सांधा बदलला. भूल देण्याआधी मानेचा एक्स-रे काढला, कारण हा आजार मानेच्या मणक्यांतही शिरतो. मेथोट्रेक्सेट सहसा चालूच ठेवतात. इंजेक्शन असेल तर पुढच्या डोसची तारीख उलटल्यावर ऑपरेशन करतात. गुडघा बदलला तरी आजार जात नाही, गोळ्या चालूच.

एक अपवाद. बोट अचानक सरळ होईनासं झालं तर कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, तुटलेली असू शकते. तिथे औषधाची वाट बघत बसू नये, हाताच्या सर्जनला लगेच दाखवावं.

नव्या गुडघ्याने आई मांगरापर्यंत चालते, पण खाली बसणं बंद. आडाळो आता वहिनीकडे. आईसाठी ओट्याला लावायची खवणी आणली. तिचं म्हणणं, हिच्यावर खोबरं जाडंभरडं पडतं.